चाळिशीनंतरचा स्नूकर

पेढीवरील व्यवहार आटोपल्यावर रोज दोन तास मी स्नूकर खेळतो. एकेचाळिसाव्या वर्षी व्यावसायिक खेळाडू होण्याची इच्छा घरी बोलून दाखविली, तेव्हा वडिलांनी एवढेच विचारले, "भांडवल किती आणि मुदत किती?"

व्यापाऱ्याला साजेसा प्रश्न! मी रे रिअर्डन यांचे उदाहरण पुढे केले. खाणकामगार, मग पोलीस. १९६७ साली पस्तिशीत व्यावसायिक झाले आणि १९७० ते १९७८ या काळात सहा वेळा जगज्जेते ठरले. परंतु त्याआधीच, १९६४ मध्ये, त्यांनी इंग्लंडचे हौशी अजिंक्यपद जिंकले होते, हेही सांगणे भाग होते. माझा सर्वोत्तम ब्रेक अडुसष्टाचा. व्यावसायिक खेळाडू शतकी ब्रेक सहज करतात. शिवाय क्यू-स्कूलच्या चाचणीतून प्रवेश मिळाला, तरी तो दोनच वर्षांचा. त्यात परदेशातील मुक्काम आणि प्रवासखर्च पदरचा.

तरीही बारा फुटी टेबलावर पांढरा चेंडू हवा तिथे थांबला, की हा सारा हिशेब मागे पडतो. म्हणून वडिलांना सांगितले, "एक वर्ष. पेढीचा एक पैसा घेणार नाही. शतक झाले, तरच पुढचा विचार."

ते म्हणाले, "मार्चअखेर खाते दाखव."