एक नॉट म्हणजे किती सेंटिमीटर?

एक नॉट म्हणजे सेकंदाला ५१.४४ सेंटिमीटर. कुठलंही कन्व्हर्टर हे क्षणात सांगतं आणि ते बरोबरच असतं. पण आमच्या ताईला तेवढं पुरलं नाही.

तिचा मुलगा मर्चंट नेव्हीत आहे. लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळे २०२३ च्या अखेरीपासून बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली, तसं त्याचंही जहाज त्याच वाटेनं परत येत होतं. फोनवर म्हणाला, "मामा, पाण्यातून १२ नॉट, जमिनीवरून ९." (समुद्रात कसली आलीय जमीन, पण ते तसंच म्हणतात.) ताई दिवस मोजत बसलेली. तिचा सरळ प्रश्न, मधले तीन नॉट गेले कुठे?

नॉट म्हणजे गाठ. पूर्वी खलाशी पंख्याच्या आकाराची एक लाकडी फळी, खालच्या कडेला शिसं लावून, जहाजाच्या मागे पाण्यात सोडत. फळी पाण्यात उभी राहायची, जहाज पुढे जायचं आणि रिळावरची दोरी उलगडत जायची. दोरीला दर ४७ फूट ३ इंचांवर गाठ. २८ सेकंदांचं वाळूचं घड्याळ रिकामं होईपर्यंत हातातून जितक्या गाठी जातील तितके नॉट. ४७ फूट ३ इंच म्हणजे १४.४ मीटर, त्याला २८ नं भागलं की सेकंदाला ५१.४३ सेंटिमीटर. दोरी आणि वाळूवर काम भागवणारी माणसं, तरी हिशोब किती जवळचा! नंतर ब्रिटिश नौदलानं सागरी मैल ६०८० फुटांचा धरला, मग १९२९ साली मोनॅकोच्या परिषदेत तो १८५२ मीटर ठरला. त्या दोन नॉटांतला फरक सेकंदाला अर्धा मिलिमीटरही नाही. असो.

खरी गोम त्या फळीत आहे. ती पाण्याला धरून असते, काठाला नाही.

हे ताईला पटवायला आम्ही गंगेवर गेलो (नाशिककरांना गोदावरी म्हणायची सवय नाही). घाटावर टेपनं दहा मीटर मोजले आणि द्रोण सोडला. ४० सेकंद लागले. सेकंदाला २५ सेंटिमीटर, म्हणजे अर्ध्या नॉटला जरा कमीच. हा वरवरचा वेग, तळाशी पाणी संथ असतं म्हणून इंजिनिअर मंडळी याला साधारण ०.८५ नं गुणतात. ताईला म्हटलं, आता तू त्या द्रोणात बसलीयस असं समज आणि फळी सोड. गाठी किती जातील? ती थोडा वेळ पाण्याकडे बघत राहिली. "एकही नाही. फळी माझ्याबरोबरच येणार."

बस्स, एवढंच. पाण्यातून शून्य, काठावरून अर्धा नॉट. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यानं अगुल्हास नावाचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो, काही ठिकाणी चार नॉटच्याही वर. भाचा त्याच्या उलट येत होता. तीन नॉट म्हणजे सेकंदाला १५४ सेंटिमीटर, ताशी साडेपाच किलोमीटर.

"म्हणजे मी भराभर चालते तेवढ्या वेगानं समुद्र त्याला मागे ढकलतोय," ताई म्हणाली. दिवसाला १३३ किलोमीटर होतात, हे मी तिला सांगितलं नाही. तिनं घरी येऊन कॅलेंडरवर स्वतःच काढलं, आणि दोन दिवस पुढे खूण केली.

मग विषय निघाला दत्तू भोकनळचा. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा, म्हणजे आपल्याच दुष्काळी भागातला. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकट्यानं दोन हजार मीटर होडी वल्हवली ६ मिनिटं ५५ सेकंदांच्या आत, आणि तेरावा आला. तिथे सरोवराचं पाणी, प्रवाहाची भानगड नाही, त्यामुळे फळी आणि काठ दोघांचं उत्तर एकच, सेकंदाला ४८२ सेंटिमीटर, म्हणजे ९.३७ नॉट. भाच्याला कळवलं की आपला दत्तू त्या सात मिनिटांत तुझ्या अख्ख्या जहाजाच्या पुढे निघून गेला असता. त्याचं उत्तर आलं, "मामा, पाण्यातून की जमिनीवरून?"