वीक

इंग्रजी आम्हाला पाचवीपासून. पुस्तकातल्या शब्दांवर मी पेन्सिलीने मराठीत उच्चार लिहून ठेवायचो नि पाठ करायचो तो उच्चारच. सूर्य ‘सन’, मुलगा पण ‘सन’. समुद्र ‘सी’, बघणं पण ‘सी’. आपण बोलतो तसं लिहितो. एकाच आवाजाची दोन स्पेलिंगं असतील, हे डोक्यातच येत नव्हतं. ‘आय’ म्हणजे मी, हे ऐकून तर पहिल्या दिवशी सगळा वर्ग हसला. आमच्या घरी आय म्हणजे आई!

मी आठवीत असताना ती आय तापाने पडली. दिवस आवणीचे. राबातलं रोप उपटायला आलेलं, आणि घरात कामाला दुसरा हात नाही. बाबा तेव्हा सिल्वासाला एका कंपनीत जायचे. उधव्याकडची बरीच माणसं हद्द ओलांडून तिकडेच कामाला. तिथे सुट्टीचा अर्ज इंग्रजीत लागे. बाबांना सही तेवढी यायची.

"शिकतो ना तू? मग लिव," म्हणाले. अर्जही लीवचाच!

चिमणीच्या उजेडात लिहिला. बायको अशक्त आहे, एक आठवडा सुट्टी द्यावी. दोन्हीकडे ‘वीक’. दोन ई लागोपाठ आले तर आठवडा, ई-ए आलं तर अशक्त. मी बरोबर उलटं केलं. बायको आठवडा झाली आणि सुट्टी अशक्त.

संध्याकाळी बाबा खुशीत आले. साहेबाने अर्ज मोठ्याने वाचला, मग कागद सगळ्या ऑफिसात फिरला, सगळे हसले. बाबा पण हसले. "साहेब जाम खूश झाला तुझ्यावर," म्हणाले. सुट्टी मिळाली, बिनपगारी. आवणी उरकली. आय बांधावर घोंगडी पांघरून बसलेली, नि मी चिखलात ताठ मानेने.

चूक कळली ती डी.एड.ला. सरांनी फळ्यावर दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहिले. कागद का फिरला, ते त्या बाकावर बसल्या बसल्या समजलं. कानशिलं तापली.

आता मीच शिकवतो. पोरांच्या पुस्तकात शब्दावर मराठी उच्चार दिसला तर खोडत नाही, शेजारी स्पेलिंग पाच वेळा लिहून घेतो.

बाबा अजून पाहुण्यांना सांगतात, "आठवीत होता, तेव्हाच याच्या इंग्रजीवर साहेब खूश झालेला."

मी चहाचं बघायला आत जातो.