जुना आलेख

गेल्या आषाढांत एके पहाटे आमचे वडील बंधु छातींत कळ येऊन घामानें डबडबले. त्यांच्या हृदयाच्या डाव्या शाखेंतून विद्युत्प्रवाह नीट वाहत नाहीं, हें आम्हांस ठाऊक होतें. अशा हृदयाचा आलेख एरवींही वेडावांकडाच उमटतो. त्यांत झटक्याची खूण सहज लपते. पहिल्या डॉक्टरांनीं "हा यांचा नेहमींचाच आलेख" म्हणून धीर दिला. तो आम्हांस गोडही वाटला! वहिनींचें मन मात्र मानेना. त्यांच्या हट्टानें आम्ही रुग्णालय गांठलें. तेथील डॉक्टरीणबाईंनीं जुना आलेख शेजारीं ठेवून म्हटलें, "मुख्य लहर वर असली म्हणजे तिच्यामागची रेषा येथें खालीं झुकावयास हवी. ती उलट मिलिमीटरभराहून अधिक वर उचलली आहे. हा झटकाच!"

ही कसोटी डॉ. एलेना स्गार्बोसा प्रभृतींनीं १९९६ सालीं मांडली. ती लागू न पडली तरी झटका नाहींच, असें ठरत नाहीं; दुखण्याची हकीकत व रक्तांतील ट्रोपोनिन पाहावेंच लागतें.

दादांची बुजलेली रक्तवाहिनी वेळींच मोकळी झाली. ज्यांच्या घरीं असें हृदय असेल त्यांनीं जुना आलेख हाताशीं ठेवावा. पण तो डॉक्टरांस दाखविण्यासाठीं, स्वतःची समजूत घालण्यासाठीं नव्हे.