कोरीट ते जळगाव : भौतिकशास्त्राचं कॉलेज शोधताना

कोरीटहून नंदुरबारला जाणाऱ्या एसटीत मी आणि माझी भाची चढलो, तेव्हा पेरणीचे दिवस तोंडावर आले होते. बियाणं, खत, मजुरी या तिन्हींना एकदम पैसा लागतो ते हे दिवस. याच दिवसांत बारावी झालेल्या पोरांचे प्रवेशही येतात. थांब्यावर ओळखीच्या आबांनी विचारलंच, "कथा चालना भो?" कॉलेज बघायला, म्हटलं. "पोरगीला नर्सिंग नाही तर डी.फार्मला घाला. फिजिक्स करीसन काय भेटी?" त्यांचा प्रश्न कुचका नव्हता. घरात एकाच्या कमाईवर पाच जणांचं चालतं, तिथे शिक्षणातून काय हाती येईल हे विचारावंच लागतं. आमचे भाऊजीही तेच विचारत होते. त्यांनी मला सोबत धाडलं ते एवढं सांगून : "पोरीला आवड आहे, शिकू द्या. पण पैसा कुठे लागतो आणि कुठे वाया जातो, ते नीट बघून या."

नंदुरबार १ जुलै १९९८ला धुळ्यातून वेगळं होऊन जिल्हा झालं. मिरचीच्या पथाऱ्यांसाठी हे गाव राज्यभर माहीत. १९४२च्या लढ्यात शाळकरी वयात गोळ्या झेललेला शिरीषकुमार इथलाच. आमच्या भागातल्या पोरांना सायन्सला जायचं म्हटलं की पहिलं नाव येतं जी. टी. पाटील महाविद्यालयाचं. प्रकाशाचा पूल ओलांडून तापीपलीकडे गेलं की शहाद्यात पूज्य साने गुरुजी विद्या प्रसारक मंडळाचं कॉलेज. म्हणजे पदवीपुरतं तरी शिक्षण घराच्या टप्प्यात आहे.

प्रवेशाच्या दिवसांत कॉलेजच्या खिडकीशी उभं राहिलं की एक गोष्ट आधी विचारायची : ही तुकडी अनुदानित की विनाअनुदानित? अनुदानित तुकडीत शिक्षकांचा पगार सरकार देतं, म्हणून फी हलकी. विनाअनुदानित तुकडीत तोच विषय, तोच पेपर, तीच पदवी, पण खर्च विद्यार्थ्यांच्या फीमधून निघतो. एकाच आवारात दोन्ही तुकड्या असू शकतात. पालक कॉलेजचं नाव विचारतात, तुकडी विचारत नाहीत आणि तीन वर्षं जास्तीचे पैसे भरत राहतात. आदिवासी आणि मागासवर्गीय विद्यार्थ्यांना भारत सरकारची शिष्यवृत्ती आहे, आर्थिकदृष्ट्या मागास घरांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची योजना आहे. अर्ज महाडीबीटीवर भरायचा. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला आणि आधारशी जोडलेलं बँक खातं निकालाआधीच तयार हवं. सेतूत जून महिन्यात रांग किती असते, हे आमच्याकडे कुणाला सांगायला नको.

दुसरा प्रश्न विचारायला थोडं धाडस लागतं : भौतिकशास्त्राला पूर्णवेळ शिक्षक किती? जागा रिकाम्या असल्या की तासिका तत्त्वावर माणसं घेतली जातात. त्यांतले कितीतरी जण जीव तोडून शिकवतात. पण पगार तासांवर आणि नेमणूक त्या वर्षापुरती असली, की दुसरीकडे संधी मिळताच त्यांना जावं लागतं आणि विद्यार्थ्याचा विषय अर्ध्यावर राहतो. क्वांटम मेकॅनिक्स ऐन सत्रात शिक्षक बदलून शिकायचा विषय नव्हे.

नंदुरबारहून आम्ही भुसावळकडे जाणारी गाडी धरली. सुरत-भुसावळ ही लाइन म्हणजे खान्देशातल्या विद्यार्थ्यांचा हमरस्ता. दोंडाईचा, शिंदखेडा, नरडाणा अशी स्टेशनं येत गेली आणि डब्यात पाठीवर सॅक अडकवलेली पोरं चढत-उतरत राहिली. 'अप-डाऊन करतो' हे त्यांच्या तोंडचं नेहमीचं वाक्य. समोर बसलेला बी.एस्सी.चा एक मुलगा भाचीला म्हणाला, "ताई, फी बघण्याआधी गाडीचं टाइमटेबल बघ. प्रॅक्टिकल दुपारी असतं. शेवटच्या गाडीपायी मी निम्मी प्रॅक्टिकलं घाईत उरकली." मला हा सल्ला मोलाचा वाटला. एसटीच्या विद्यार्थी पासात दोन तृतीयांश सवलत आहे, तरीही रोजचे तीन-चार तास रस्त्यात गेले तर त्याची किंमत कुठल्याच पावतीवर येत नाही. हिशेबात मात्र ती धरायलाच हवी.

अमळनेरला उतरलो. साने गुरुजी १९२४ ते १९३० इथल्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. प्रताप महाविद्यालय १९४५चं, आणि २०२४चं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच गावात भरलं. तालुक्याच्या गावात स्वातंत्र्याच्या आधीपासून कॉलेज उभं आहे, ही गोष्ट खेड्यातून आलेल्या मुलीला धीर देते. भाची मोठमोठ्या झाडांखालून चालताना म्हणाली, "मामा, पुण्याला गेलं तरच शिक्षण होतं असं सगळे का म्हणतात?" तिला सांगितलं, की नंदुरबार, धुळे आणि जळगाव या तिन्ही जिल्ह्यांतली कॉलेजं एकाच विद्यापीठाला जोडलेली आहेत. स्वायत्त कॉलेजं आपला अभ्यासक्रम आखतात, बाकीची विद्यापीठाचा शिकवतात, पदवी मात्र विद्यापीठाचीच. मग फरक पडतो तो शिक्षकांत, ग्रंथालयात आणि प्रयोगशाळेत.

प्रयोगशाळेतला फरक या फेरीत डोळ्यांनी पाहिला. एका ठिकाणी उपकरणं काचेच्या कपाटात प्लॅस्टिकच्या पिशव्यांसकट उभी होती. कपाटाला कुलूप होतं. दुसऱ्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायकांनी आम्हाला काळे पडदे लावलेल्या खोलीत नेलं. सोडियमचा दिवा लावला. तो आधी लालसर दिसतो, तापत गेला की पिवळा होतो. समोर स्पेक्ट्रोमीटर, त्याच्या मंचावर ग्रेटिंग. यंत्राचे पितळी स्क्रू हाताळून हाताळून गुळगुळीत झाले होते. भाचीनं दुर्बिणीला डोळा लावला. "एक पिवळी रेघ दिसतेय." सहायक म्हणाले, "अजून बाजूला सरकव. दुसऱ्या क्रमावर ये. आता फट बारीक कर, हळूच." तिनं श्वास रोखून स्क्रू फिरवला. फोकस थोडा मागे, थोडा पुढे. आणि एकदम ओरडली, "मामा, दोन आहेत!"

सोडियमच्या त्या दोन रेषा : एक ५८९.० नॅनोमीटरची, दुसरी ५८९.६ची. अणूतल्या इलेक्ट्रॉनच्या स्पिनमुळे एक पातळी दोन होते आणि रेषेची जोडी तयार होते. पुस्तकातलं हे वाक्य पाठ करता येतं. पण अर्ध्या नॅनोमीटरच्या आसपासचा फरक स्वतःच्या डोळ्यांनी वेगळा काढला, की अणूच्या आत काहीतरी घडतं यावर विश्वास बसतो. सहायक सांगत होते, "बऱ्याच पोरांना आधी एकच रेघ दिसते. हात बसायला वेळ लागतो, तो आम्ही देतो." मी विचारलं, एका बॅचला किती जण, एका यंत्रावर किती जण, प्रयोग चुकला तर पुन्हा करू देता का. त्यांनी नीट उत्तरं दिली. माझ्या लेखी कॉलेजची किंमत या खोलीत ठरते. स्वस्त फीमध्ये हात यंत्राला लागत असेल तर ते कॉलेज लाखमोलाचं. लागत नसेल तर फुकट मिळालं तरी महाग.

जळगावला मूळजी जेठा महाविद्यालय पाहून आम्ही विद्यापीठात गेलो. १५ ऑगस्ट १९९०ला स्थापन झालेलं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरींच्या नावानं ओळखलं जातं. जवळच्याच असोद्यात जन्मलेल्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. निसर्ग मात्र त्यांनी कुणाहीपेक्षा बारकाईनं पाहिला. भौतिकशास्त्राची सुरुवातही पाहण्यातूनच होते. इथे एम.एस्सी. आणि पीएच.डी. होते, म्हणजे पदवीनंतरची पायरीही खान्देशातच आहे.

त्यापुढच्या वाटांची माहिती आमच्या गावापर्यंत उशिरा पोचते, म्हणून ती इथे मुद्दाम लिहितो. पुण्याच्या आयसरसारख्या संस्थांत बारावीनंतर थेट पाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे, त्यासाठी आयएटी ही परीक्षा. भुवनेश्वरच्या नायसरसाठी आणि मुंबईत कलिन्याला असलेल्या सीईबीएससाठी नेस्ट. या अर्जांची वेळ बारावीच्या परीक्षेच्या आसपासच येते, निकाल लागल्यावर धावपळ करून उपयोग नसतो. बोर्डात वरच्या १ टक्क्यात येऊन मूलभूत विज्ञान घेणाऱ्यांसाठी इन्स्पायर शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ८०,००० रुपयांपर्यंत. आणि बी.एस्सी. गावाजवळ करणाऱ्यांसाठीही दारं बंद नाहीत. तीन विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळ्यात संशोधनासाठी विद्यावेतन देतात. मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र एनआययूएस या कार्यक्रमातून पदवीच्या विद्यार्थ्यांना शिबिरं आणि प्रकल्प देतं. पदवीनंतर जॅम ही परीक्षा : तीन तास, १०० गुण, आणि आयआयटीत एम.एस्सी.चा रस्ता खुला. जॅमच्या पेपरात कॉलेजचं नाव कुणी विचारत नाही.

परतीच्या गाडीत भाचीनं वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने आखले. एकात मोठ्या शहरातला खर्च : कॉट बेसिसची खोली, डिपॉझिट, मेस, येणं-जाणं. दुसऱ्यात घराजवळचा. दोन्हींतली तफावत तिनं स्वतःच काढली आणि म्हणाली, "मामा, हे पैसे आत्ता संपवण्यापेक्षा एम.एस्सी.ला लागतील." त्यावर आमचा निर्णय झाला. नंदुरबारलाच अनुदानित तुकडीत प्रवेश, भौतिकशास्त्र मेजर, गणित मायनर. गणित सोडायचं नाही, कारण पुढचं भौतिकशास्त्र त्याच्याच भाषेत बोलतं. कोरीटहून अप-डाऊन, आणि प्रॅक्टिकलला उशीर झाला त्या दिवशी मावशीकडे मुक्काम. वाचलेला पैसा भाऊजी वेगळ्या खात्यात टाकतील : पुस्तकं, जॅमचा अर्ज, उन्हाळी प्रकल्पाचा प्रवास आणि पुढे एम.एस्सी. यांच्यासाठी.

भाऊजींना मी जे सांगितलं तेच प्रत्येक पालकाला सांगेन. कॉलेजला जा, पोरीला सोबत न्या आणि चार गोष्टी विचारा : तुकडी कोणती, पूर्णवेळ शिक्षक किती, एका यंत्रावर किती विद्यार्थी, आणि शेवटचं प्रॅक्टिकल सुटल्यावर घरी जायला गाडी आहे का. या चारांची उत्तरं समाधानाची असतील, तर खेड्यातल्या मुलीनं भौतिकशास्त्र घेणं ही चैन नाही. ती शेतकऱ्याच्या घराला पेलणारी, विचार करून केलेली गुंतवणूक आहे.