गुपित कोणाच्या पाठीशी?

नायजेरियन लेखिका चिमामांडा न्गोझी अदीची यांच्या ‘पर्पल हिबिस्कस’ (२००३) या कादंबरीतला यूजीन ढोंगी असता, तर वाचकाला सोपे गेले असते. तो ढोंगी नाही. चर्चला तो सढळ हाताने देतो, गरिबांच्या मुलांच्या फिया भरतो, लष्करी राजवटीला न घाबरणारे वृत्तपत्र चालवतो. तोच माणूस घरी बायकोला गर्भ पडेपर्यंत मारतो. मुले आपल्या मूर्तिपूजक आजोबांबरोबर एका छपराखाली राहिली, एवढ्यासाठी त्यांच्या पायांवर उकळते पाणी ओततो. त्याची दानतही खरी आणि श्रद्धाही खरी. त्या घरातले गुपित टिकते ते या खऱ्या पुण्याईच्या बळावर. साऱ्या गावाने ज्याला देवमाणूस मानले, त्याच्याविरुद्ध बायको बोलली तर खोटी तीच ठरणार, हे तिला बोलण्याआधीच कळलेले असते.

मराठी वाचकाला हे घर अनोळखी नाही. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ १८९० पासून ‘करमणूक’मध्ये क्रमशः येऊ लागली, तेव्हा त्यांनी सारी हकीकत नायिका यमूच्याच तोंडून सांगितली. विधवा झालेल्या यमूचे केशवपन तिच्या इच्छेविरुद्ध होते, तेही धर्माचे नाव घेणाऱ्या माणसांच्या घरात. प्रत्यक्षातली स्थिती याहून वेगळी नव्हती. गरोदर राहिलेल्या विधवांसाठी जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांना १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढावे लागले. पुढे प्रार्थना समाजाने पंढरपुरात, विठ्ठलाच्या गावी, टाकून दिलेल्या अर्भकांसाठी आश्रम चालवला. फुल्यांनी तर विधवांना येथे गुप्तपणे बाळंत होता येईल, असे जाहीर केले होते. म्हणजे गुपित फुल्यांनीही राखले. पण त्यांच्या गुपिताने अडलेल्या बाईचा आणि तिच्या मुलाचा जीव वाचत होता. घराने राखलेल्या गुपिताने मात्र तिला त्या अवस्थेला आणणारा पुरुष वाचत होता. म्हणून गुपित आहे की नाही, याहून ते कोणाच्या पाठीशी उभे आहे, हा प्रश्न मोठा आहे.

अशा कथांनी धर्माची बदनामी होते, हा आक्षेप नेहमी येतो. अदीचींनी त्याचे उत्तर कादंबरीतच दिले आहे. यूजीनची बहीण इफेओमा तितकीच कॅथलिक आहे. न्सुक्कातल्या तिच्या घरीही रोज प्रार्थना होते. पण तिथे मुले मोठ्याने हसतात, आईशी वाद घालतात, आणि जुन्या देवांना मानणाऱ्या आजोबांनाही तिथे जागा असते. श्रद्धा एकच, घरे दोन. फरक पडतो तो घरातल्या कर्त्याला कोणी जाब विचारू शकते की नाही, याने. बदनामी होत असेल तर ती जाब टाळण्यासाठी धर्माची ढाल करणाऱ्याने केलेली असते.

दुसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे: घरातले घरात मिटवावे, चव्हाट्यावर आणून संसार सावरत नाहीत. पण घरात न्याय देणारा आणि मारणारा एकच असेल, तर मिटवायचे कोणी? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी ७७ टक्के स्त्रियांनी ना मदत मागितली होती, ना कोणाला काही सांगितले होते. घरातले घरात ठेवण्याचा प्रयोग आपण असा पुरेपूर करून पाहिला आहे. त्याला पर्याय चव्हाट्याचाच असतो असेही नाही. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि ‘सेहत’ संस्थेने २००० च्या सुमारास सुरू केलेले ‘दिलासा’ केंद्र उपचारांसाठी आलेल्या बाईशी एकांतात बोलते आणि तिचे बोलणे तिच्यापाशीच ठेवते. फुल्यांच्या गृहामागचा विचारच इथे पुन्हा उभा आहे.

अंधेरी-बोरिवलीपासून मुलुंड-घाटकोपरपर्यंत आपण सोसायट्यांमध्ये भिंतीला भिंत लावून राहतो. उत्सवात पुढे असणारा, अडल्यानडल्याला धावून जाणारा शेजारी आपल्याला आदरणीय वाटतो, आणि तो आदर त्याने कमावलेला असतो. तो जरूर द्यावा. पण त्याच्या घरातली बाई कधी काही सांगू लागली, तर त्याच्या देणगीची पावती तिच्यासमोर पुरावा म्हणून धरू नये. बाहेर केलेले पुण्य घरातल्या माणसांच्या खात्यातून वळते करून घेता येत नाही. तिचे ऐकून घेणे आणि तिच्या परवानगीशिवाय ते कुठेही न बोलणे, एवढे शेजाऱ्याला नक्कीच करता येते.