दुपारचा वास, रात्रीची फुलं

कुत्रं पाळलेल्या घराच्या अंगणात वासाची वेळ ठरलेली असते. वैशाखात बारा वाजून गेले, फरशी तापली, की कोपऱ्याकोपऱ्यातून तो उठतो. नाकात झोंबणारा, उग्र. मुतातल्या युरियाचा मातीतले जिवाणू अमोनिया करतात आणि ऊन त्याला हवेत उचलतं. नेमकी याच वेळी बागेतली सगळी सुवासिक मंडळी गप्प असतात. मोगऱ्याच्या कळ्या मिटलेल्या, जाई-जुईची सांज अजून लांब. ही पांढरी फुलं रात्री हिंडणाऱ्या पतंगांसाठी उमलतात. भर उन्हात गंध उधळून त्यांना काय मिळणार?

म्हणून ‘वास येतो ना, मग दोन मोगरे लावा की’ असं शेजारच्या काकू मायेनं सुचवतात तेव्हा मी मोगरा आनंदानं लावते, पण त्याच्यावर ते ओझं टाकत नाही. त्यात मोगऱ्याचं एक गुपितही आहे. जाई-मोगऱ्याच्या सुगंधात इंडोल नावाचं द्रव्य असतं. अडॉल्फ फॉन बायर या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं ते १८६६ साली प्रथम तयार केलं. हेच इंडोल विष्ठेतही असतं. अगदी थोडं असलं तर ते फुलासारखं दरवळतं, दाटलं की घाण वाटतं. मोगऱ्याच्या वासाला जो भारलेपणा आहे, जी जराशी धुंदी आहे, त्यात याचा वाटा मोठा. मला ही गोष्ट विलक्षण सुंदर वाटते. पण तिचा अर्थ असा, की न धुतलेल्या अंगणात संध्याकाळी मोगरा फुलला, तर तो घाणीला झाकत नाही, तिच्यात मिसळतो. दोन्ही मिळून एक गोडसर, जड, डोकं दुखवणारा वास तयार होतो. त्यापेक्षा नुसती घाण बरी. निदान ती कुठून येते ते तरी कळतं.

तेव्हा आधी पाणी. कुत्र्यानं पाय वर केला की लगेच तांब्याभर ओतावं; मातीत मुरून आंबायला वेळच देऊ नये. हिरवळीवरचे पिवळे डागही याच पाण्यानं टळतात, कारण तिथलं गवत नायट्रोजनाच्या अतिरेकानं जळत असतं. विष्ठा रोज उचलावी आणि ती भाजीच्या वाफ्याच्या खतात कधीच घालू नये, तिच्यात जंतांची अंडी असू शकतात. लोक वासावर चुना भुरभुरतात. त्यानं काम बिघडतं, चुन्यासारख्या अल्कधर्मी पदार्थानं अमोनिया उलट मोकळा होतो. वाळका पाला किंवा लाकडाचा भुसा पसरावा. ओल तो शोषतो, आणि त्यातल्या कर्बावर जगणारे जिवाणू नायट्रोजन धरून ठेवतात. मांजरांच्या घरात काळं फिनेल नकोच. त्यातली फिनॉलसारखी द्रव्यं पचवून बाहेर टाकायची ताकद मांजराच्या यकृतात फारशी नसते, आणि ती तर दिवसभर स्वतःचे पंजे चाटत बसलेली असतात.

हे झालं, की मग पानांकडे वळावं. दुपारच्या अंगणाला मदत करतात ती पानंच. तुळस, सब्जा यांचं तेल पानांवरच्या बारीक ग्रंथींत साठलेलं असतं. धक्का लागला की त्या फुटतात आणि गंध सुटतो, मग घड्याळात कितीही वाजलेले असोत. कुत्र्याची एक सवय इथे फार उपयोगी पडते. तो मोकळ्या अंगणाच्या मधून कमी आणि कडेकडेनं जास्त चालतो. कुंपणालगत त्याची पायवाट स्वच्छ उमटलेली असते. त्या वाटेच्या दोन्ही बाजूंना सब्जा दाट लावला, तर आमचा काळू नुसता फेरी मारतानाच आपल्या अंगानं अंगण गंधित करतो. हे पाहणं हा माझ्या दिवसातला मोठा आनंद आहे. तुळस मात्र वृंदावनात, कमरेइतक्या उंचीवर. त्या उंचीमुळे काळूचा पाय तिच्यापर्यंत पोचत नाही, यासाठीही मला वृंदावन बांधणाऱ्या आपल्या जुन्या माणसांचे आभार मानावेसे वाटतात.

झाड निवडताना सुगंधावर भाळून चालत नाही. रातराणी कितीही लाडकी असली, तरी तिच्यात विष आहे. कण्हेर आणि बिट्टी हृदयावरच घाला घालतात. लिलीचे नुसते परागकण चाटले तरी मांजराची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. गवती चहा आणि मरवा जास्त खाल्ला तर पोट बिघडतं, म्हणून ते कुंपणापलीकडे. ज्या घरात जनावर वावरतं, त्या घरात रातराणीचा मोह सोडायलाच हवा, असं मला ठामपणे वाटतं.

आणि वाळा! अंगण धुतल्यावर पाणी जिथे उताराला जातं, तिथे पावसाच्या तोंडावर याचे ठोंब लावावेत. त्याची मुळं सरळ खाली, पुरुषभराहून खोल जातात, धुवणातला नायट्रोजन पिऊन घेतात आणि उतारावरची माती धरून ठेवतात. या ठोंबांची मुळं माठात टाकायची नाहीत, पण दीडेक वर्षानं खणून काढली तर खिडकीला लावायचा पडदा त्यांचा होतो. त्यावर पाणी शिंपडलं, की खोली गार आणि ओल्या मातीच्या वासाची.

आता काळूच्या बाजूनंही बोलायला हवं. गंध ओळखणारी आपल्या नाकातली ग्राहकं साधारण चारशे प्रकारची. त्यांच्या शोधासाठी रिचर्ड अ‍ॅक्सेल आणि लिंडा बक यांना २००४ चं नोबेल मिळालं. कुत्र्याकडे हे प्रकार जवळपास दुप्पट आहेत. आपण ज्याला घाण म्हणतो, त्यात त्याला गल्लीतून कोण गेलं, कोण आजारी आहे, कोण माजावर आलंय, हे सगळं कळतं. ते सारं पुसून टाकणं मला अन्यायाचं वाटतं. म्हणून आंब्यापासून चार हात दूर, वारा घराकडून बाहेर वाहतो त्या कोपऱ्यात, खडी पसरून एक लाकडी खुंट रोवला आहे. तिथे मी एकही सुवासिक झाड लावत नाही. सकाळी खडीवर बादलीभर पाणी ओतते, खुंट मात्र तसाच ठेवते.