शितावरून भाताची परीक्षा

मंडळी, शितावरून भाताची परीक्षा ही म्हण आपण इतकी सहज वापरतो, की ती कुठल्या अटीवर खरी ठरते याचा विचारच करत नाही. अट साधी आहे. सगळा भात एकाच पातेल्यात, एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजलेला हवा. पण प्रत्येक शीत वेगळं शिजवलं असेल तर?

आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवलेल्या माझ्यासारख्या मास्तराला हा प्रश्न पडायचं कारण म्हणजे धाकट्या बहिणीचा खुबा. पुढच्या महिन्यात तिचं ऑपरेशन आहे आणि बसवायची टायटॅनियमची वाटी थ्रीडी प्रिंटिंगनं केलेली आहे. ती म्हणाली, "दादा, पावडरीतून वाटी करतात म्हणे. ती आतून कच्ची राहिली नाही हे कसं ओळखतात?" माझा पुतण्या भोसरीला धातूचे भाग प्रिंट करणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटीत आहे. एका रविवारी त्यालाच समोर बसवून घेतलं.

त्यानं सांगितलं ते असं. धातूच्या पावडरीचा थर पसरायचा, साधारण केसाच्या निम्म्या जाडीचा. लेसर किंवा इलेक्ट्रॉनांचा झोत हवी तेवढीच पावडर वितळवतो. मग त्यावर दुसरा थर. असे शेकडो, कधी हजारो. "काका, पूर्वी सळई आधी तपासून यायची, लेथवर आम्ही तिला फक्त आकार द्यायचो. इथे धातूच जागेवर तयार होतो."

म्हणजे प्रत्येक शीत वेगळं शिजतं! लेसर कमी पडला तर दोन थर नीट जुळत नाहीत, फट राहते. जास्त झाला तर धातूची वाफ होऊन आत बुडबुडा अडकतो. पावडर पुन्हा पुन्हा वापरली तर टायटॅनियम ऑक्सिजन धरतं आणि ठिसूळ होतं. प्लेटवर असताना माप बरोबर आणि कापून काढल्यावर आतल्या ताणानं वस्तू वाकली, असंही होतं.

मग मोजायचं कसं? बाहेरून व्हर्नियर लावावा, तर पृष्ठभागावर अर्धवट वितळलेले कण चिकटलेले. कडा नेमकी कुठे सुरू होते हाच वाद. आत बघायला सीटी स्कॅन, आपला करतात तसाच. पण वस्तू जितकी मोठी आणि जाड, तितकं चित्र भरड, आणि बारीक छिद्र निसटतं. खुब्याच्या वाटीत तर आणखी गंमत. बाहेरच्या अंगाला छिद्रं मुद्दाम ठेवतात, हाड त्यात वाढून पकड घ्यावी म्हणून. म्हणजे काही छिद्रं हवीत, काही नकोत, आणि हव्या छिद्रांत सुटी पावडर अडकून राहता कामा नये.

इस्रोनं 9 मे 2024 रोजी पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्याचं असं छापलेलं इंजिन 665 सेकंद चालवून पाहिलं. 14 भागांचा एकच भाग झाला, 19 वेल्डिंगचे जोड गेले. 565 किलो कच्च्या मालाऐवजी 13.7 किलो पावडर लागली. वाचून ऊर भरून आला. पण पुतण्या म्हणाला, "14 भाग होते तेव्हा प्रत्येक हातात घेऊन मोजता यायचा. आता आतल्या वाटा कायमच्या बंद." जोड गेले, तसं डोकावायचं दारही गेलं.

यावर उपाय चालू आहेत. त्याच प्लेटवर चाचणीच्या कांड्या उभ्या करतात आणि नंतर त्या ओढून तोडून बघतात. हीच ती शितं. पण प्लेटच्या एका कोपऱ्यातलं शीत दुसऱ्या कोपऱ्याची हमी देईलच असं नाही. काही यंत्रांत कॅमेरे थर न् थर टिपतात. त्यातही प्रत्येक डाग म्हणजे दोष नव्हे, कारण वरचा थर वितळताना खालची फट कधी बुजूनही जाते. अमेरिकेतल्या निस्ट या मापनसंस्थेनं 2018 साली एक छान उपक्रम सुरू केला. ते स्वतः नमुने बनवून काटेकोर मोजतात आणि उत्तरं झाकून जगभरच्या संशोधकांना म्हणतात, आता तुम्ही अंदाज सांगा. मास्तर म्हणून मला हे फार आवडलं.

बहिणीला मी एवढंच सांगितलं, की तिचा प्रश्न भाबडा नाही, मोठमोठे लोक त्याच्याशीच झगडताहेत. वाटीचा बॅच नंबर आणि कागद डॉक्टरांकडून मागून घे, असं पुतण्यानं तिला बजावलं आहे.

एक गोष्ट मात्र मनात राहिली. वार्षिक परीक्षेचा एक पेपर बघून मूल कळत नाही, रोजची वही बघावी लागते, हे आम्ही शिक्षक नेहमी म्हणायचो. मुलं 60 असली की ते किती कठीण, हेही आम्हालाच ठाऊक. इथे तर प्रत्येक थर म्हणजे वहीचं एक पान, आणि पानं हजारो. शेवटी शिक्का मारून गुणवत्ता येत नाही, ती पानापानावर यावी लागते आणि कुणीतरी पान न् पान बघावं लागतं.

असो. तुमच्यापैकी कुणी या कामात असेल तर जरूर लिहा. वाचायला आवडेल.